डोळ्यातले परजीवी: बी-स्कॅन, ओसीटी आणि कॉन्फोकलमध्ये काय बघायचं, काय फसवतं

प्रतिध्वनी

नेत्रविभागात नव्याने आलेले रेसिडेंट आणि ऑप्टोमेट्रिस्ट यांच्यासाठी हा धागा काढतोय. सुरुवात स्नायूतल्या सिस्टिसरकसपासून, म्हणजे डुकराच्या पट्टकृमीच्या अळीच्या कोषापासून, कारण पाश्चात्त्य पुस्तकांत तो डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवात (व्हिट्रिअस) किंवा पडद्याखाली (रेटिना) दाखवतात. आपल्याकडे मात्र डोळा फिरवणाऱ्या स्नायूंतच जास्त सापडतो.

पेशंट बहुधा मुलगा किंवा तरुण. एकाच डोळ्याला सूज, डोळा एका दिशेला नीट वळत नाही, वळवला की दुखतो, एकाचे दोन दिसतात. पापणी उतरलेली असू शकते. ‘इन्फेक्शन असेल’ म्हणून आठवडाभर अँटिबायोटिक देण्याआधी बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी करा. १० मेगाहर्ट्झचा नेहमीचा प्रोब पुरतो.

बंद पापणीवरून स्कॅन करू नका. पापणीत ध्वनी शोषला जातो आणि प्रोब नेमका कुठे आहे ते कळत नाही. प्रोपॅराकेन ०.५ टक्के या भुलीच्या औषधाचा थेंब, प्रोबला मिथाइलसेल्युलोजचं जेल, आणि प्रोब थेट डोळ्याच्या पांढऱ्या भागावर. नाकाकडचा स्नायू, म्हणजे मीडिअल रेक्टस बघायचा असेल तर प्रोब कानाकडच्या बाजूला, नजर किंचित नाकाकडे, मार्कर (प्रोबवरची खूण) वर. हा आडवा छेद झाला. प्रोब हळूहळू तिरपा करत स्नायूच्या पुढच्या टोकापासून मागे जा. मग मार्कर बुबुळाच्या दिशेने वळवून उभा छेद घ्या. प्रोब नेहमी स्नायूच्या समोरच्या बाजूला. स्नायूच्याच बाजूला ठेवलात तर त्याचा पुढचा भाग प्रोबच्या अगदी जवळ येतो आणि तिथलं काहीच नीट दिसत नाही.

गेन, म्हणजे परतलेला ध्वनी किती वाढवून दाखवायचा ते, सुरुवातीला ८० ते ९० डेसिबल. कोष सापडला की ६५-७० पर्यंत खाली आणा. इथेच बहुतेकांचं चुकतं. जास्त गेनवर भिंत आणि स्कोलेक्स, म्हणजे अळीचं डोकं, एकमेकांत मिसळतात आणि रिपोर्टमध्ये नुसतं ‘सिस्टिक लीजन’ उरतं. गेन उतरवला की आतल्या भिंतीला एका बाजूने चिकटलेला चमकदार ठिपका वेगळा उठून दिसतो. वरून ए-स्कॅनची रेघ टाकली की कोषाच्या दोन भिंतींचे दोन उंच काटे आणि त्यांच्यामध्ये स्कोलेक्सचा तिसरा.

ठिपका दोन्ही छेदांत दिसलाच पाहिजे. एकाच छेदात दिसणारा ठिपका आभास असू शकतो.

रेसिडेंट_२

उत्तम धागा. दोन शंका. एक, स्कोलेक्स दिसलाच नाही तर सिस्टिसरकस नाही असं म्हणायचं का? दोन, दिसला तर अल्बेंडाझोल (कृमिनाशक गोळी) त्याच दिवशी सुरू करायला काय हरकत आहे? आमच्याकडे यावर दोन मतं आहेत.

प्रतिध्वनी

पहिल्याचं उत्तर: नाही. कोष जिवंत असतो तोवर शरीर त्याला फारसं हटकत नाही. तो मरायला लागला किंवा फुटला की आतले पदार्थ बाहेर येतात आणि सूज भडकते. म्हणजे पेशंट सर्वांत जास्त त्रास होत असताना येतो, नेमका तेव्हाच स्कोलेक्स विरघळलेला असू शकतो. अशा वेळी कोषाची भिंत जाड, कडा अस्पष्ट, भोवती सुजेचा कमी प्रतिध्वनीचा पट्टा. हेच चित्र गळूतही दिसतं, म्हणून ताप, रक्तातल्या पेशी, सायनसचा आजार या गोष्टी सोबत बघाव्या लागतात. हायडॅटिड कोष बहुधा मोठा, दुहेरी भिंतीचा आणि स्नायूच्या बाहेर असतो. तिथे गंमत म्हणूनही सुई घालायची नाही. थायरॉइडच्या आजारात सहसा दोन्ही डोळ्यांतले अनेक स्नायू जाड होतात, त्यांची पुढची टोकं वाचतात आणि आत कोष नसतो.

दुसऱ्या शंकेवर मागचा_पडदा यांनी लिहावं.

मागचा_पडदा

हरकत आहे, आणि मोठी आहे. दोन मतं असण्याचा हा विषयच नाही.

स्नायूत एक कोष सापडला याचा अर्थ अंड्यांतून निघालेल्या अळ्या रक्तातून फिरल्या आहेत. त्या डोळ्याच्या आत आणि मेंदूतही उतरलेल्या असू शकतात. पडद्याखाली किंवा व्हिट्रिअसमध्ये जिवंत कोष असताना गोळी दिली तर तो डोळ्याच्या आतच मरतो आणि त्या दाहात डोळा जाऊ शकतो. तिथे आधी व्हिट्रेक्टमी (व्हिट्रिअस काढण्याची शस्त्रक्रिया) करून कोष काढायचा असतो. मेंदूत खूप कोष असतील तर ते एकदम मरून मेंदूला सूज येते, झटके येतात. म्हणून क्रम असा:

बाहुली मोठी करून दोन्ही डोळ्यांचा पडदा कडेपर्यंत बघायचा. हो, दोन्ही. न दुखणाऱ्या डोळ्यातला कोष राहून जातो. मोतीबिंदूमुळे किंवा व्हिट्रिअसच्या धुरकटपणामुळे पडदा दिसत नसेल तर त्या डोळ्याचा बी-स्कॅन, यावेळी चढ्या गेनवर. डोळ्यातल्या जिवंत कोषावर स्लिट लॅम्पचा किंवा ऑप्थॅल्मोस्कोपचा प्रखर उजेड टाकला की तो आकुंचन पावतो, स्कोलेक्स आत-बाहेर होतो. बी-स्कॅनवर मात्र डोळा स्थिर ठेवायला सांगून अर्धा मिनिट नुसतं बघत राहा. डोळा हललेला नसताना हलणारी गोष्ट पेशंटची नाही, पाहुण्याची.

त्यानंतर मेंदूची तपासणी. ती झाल्याशिवाय गोळी नाही. अमेरिकेतल्या संसर्गरोग आणि उष्णकटिबंधीय वैद्यक या संघटनांची न्यूरोसिस्टिसरकोसिसवरची (मेंदूतले हेच कोष) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं उलट बाजूनेही हेच सांगतात: मेंदूत कोष सापडलेल्या प्रत्येकाचा पडदा औषधाआधी बघा.

रेसिडेंट_२

सीटी की एमआरआय? एकच परवडणार असेल तर?

मागचा_पडदा

दोघांची नजर वेगळी आहे. जुने, चुना साठलेले कोष सीटीत लख्ख दिसतात. एमआरआयमध्ये ते सहज निसटतात. लहान जिवंत कोष, मेंदूच्या पोकळ्यांतले आणि तळाजवळचे कोष यांना एमआरआय लागतो. औषध द्यायचं की नाही हे ठरवताना भीती जिवंत कोषांची असते, म्हणून एकच करायचा असेल तर मी एमआरआय म्हणेन, आणि त्याच बैठकीत डोळ्याच्या खोबणीचे पातळ छेद मागून घेईन. रेडिऑलॉजिस्टला चिठ्ठीत ‘सिस्टिसरकोसिस, स्कोलेक्स शोधावा’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘डोळ्याला सूज’ लिहिलंत तर जाड छेद मिळतील आणि पाच-सात मिलिमीटरचा कोष दोन छेदांच्या मधून निसटेल.

प्रतिध्वनी

थोडा असहमत. जिल्ह्याच्या ठिकाणी एमआरआयची तारीख लांबची मिळते, सीटी त्याच दिवशी होतो. सुजलेल्या पेशंटला ताटकळत ठेवण्यापेक्षा सीटी करून घ्यावा आणि त्यात काही संशयास्पद असेल किंवा डोकेदुखी, झटके असा इतिहास असेल तर एमआरआयसाठी पाठवावं.

मागचा_पडदा

ताटकळत ठेवायची गरज नाही. पडदा स्वच्छ असेल तर तेवढ्या काळात स्टेरॉइडवर सूज आवरता येते. अल्बेंडाझोल थांबू शकतं, त्याने काही बिघडत नाही.

सूक्ष्म

औषधाचा हिशेब इथेच लिहून ठेवते, कारण स्कॅनचा अर्थ लावताना तो लागतो. स्नायूतल्या कोषाला अल्बेंडाझोल दर किलोमागे दिवसाला १५ मिलिग्रॅम, दोन भागांत, दिवसाला जास्तीत जास्त ८०० मिलिग्रॅम, साधारण ४ आठवडे. सोबत प्रेडनिसोलोन दर किलोमागे १ मिलिग्रॅम, गोळीच्या एक-दोन दिवस आधीपासून, आणि पुढे हळूहळू उतरवत. अल्बेंडाझोल उपाशीपोटी घेतलं तर फार थोडं शोषलं जातं. तूप-तेल असलेल्या जेवणासोबत घेतल्यास रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणण्याआधी पेशंट गोळी कशासोबत घेतो ते विचारा. सुरुवातीला आणि मग दर दोन आठवड्यांनी रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या. गर्भारपणात नाही. दीर्घ स्टेरॉइडआधी क्षयाची शक्यता तपासलेली बरी, आपल्याकडे तर नक्कीच.

रक्तातल्या अँटिबॉडीच्या चाचणीवर फार विसंबू नका. एकटाच कोष असेल, विशेषतः मेंदूबाहेरचा, तर ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते. स्कोलेक्ससकट स्वच्छ बी-स्कॅन हातात असताना निगेटिव्ह चाचणीमुळे निदान मागे घ्यायचं कारण नाही. घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी मात्र करून घ्यावी. पट्टकृमी बाळगणारी व्यक्ती स्वयंपाकघरातच असू शकते.

कोकणी_कुतूहल

वैद्यकीय क्षेत्रातला नाही, वाचतोय. आम्ही पक्के शाकाहारी, मग आम्हाला हा धोका नाही ना?

सूक्ष्म

आहे. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून येते ती अळी, तिचा आतड्यात पट्टकृमी होतो. डोळ्यात-मेंदूत कोष होतो तो अंडी पोटात गेल्यामुळे, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून: सांडपाण्यावरच्या पालेभाज्या, कच्ची कोथिंबीर, न धुतलेले हात. ज्याने आयुष्यात मांस खाल्लं नाही त्यालाही हे होतं. कच्ची खायची भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. शिजवली तर प्रश्नच नाही.

प्रतिध्वनी

आता पाठपुरावा. दर दोन ते चार आठवड्यांनी स्कॅन करावा, पण तो आधीच्याशी जुळवता आला तर उपयोग. प्रत्येक चित्रावर हे असलंच पाहिजे: कोणता डोळा, कोणता स्नायू, प्रोबची जागा, नजरेची दिशा, गेन. मापं दोन्ही छेदांत घ्यायची: कोषाची लांबी, रुंदी, आणि स्नायूची सर्वांत जास्त जाडी. शेजारी दुसऱ्या डोळ्याच्या त्याच स्नायूची जाडी लिहा, कारण ‘नॉर्मल’ माणसागणिक बदलतं. नजर बदलली की स्नायू आकसतो किंवा ताणतो आणि जाडी बदलते. नुसत्या नजरेच्या फरकाने सूज वाढली असा रिपोर्ट जातो.

बदलाचा क्रम बहुधा असा: आधी स्कोलेक्स धूसर होऊन नाहीसा होतो, मग कोष चिंबतो, भिंत जाड दिसते, शेवटी कोष जातो. स्नायूची जाडी सर्वांत उशिरा उतरते. पहिल्या आठवड्यात सूज वाढली तर त्याचा अर्थ औषध लागू पडतंय असाही असतो. स्टेरॉइड बघा, अल्बेंडाझोल बदलू नका. उलट, चार आठवड्यांनीही स्कोलेक्स तसाच लखलखीत, कोष तेवढाच, तर औषध पोहोचलेलं नाही. कधी कोषाच्या जागी चुन्याचा खडा उरतो: गेन कितीही उतरवला तरी तो चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. त्याला औषधाची गरज नाही. डोळ्याची हालचाल मात्र स्कॅन स्वच्छ झाल्यावरही आखडलेली राहू शकते, ते पेशंटला आधीच सांगा.

कृष्णमंडल

कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची बाजू मांडतो. अकँथअमीबा या माती-पाण्यातल्या एकपेशीय परजीवीसाठी कॉन्फोकल मायक्रोस्कोप (जिवंत कॉर्नियाचे थर पेशींपर्यंत दाखवणारा), म्हणजे आपल्याकडे बहुधा हायडेलबर्गचा एचआरटी३ आणि त्याचं रोस्टॉक मोड्यूल. ६७० नॅनोमीटरचा लेझर, एका चित्रात ४०० बाय ४०० मायक्रॉनचा तुकडा. म्हणजे कॉर्नियाचा कणभर भाग. एका जागी चार चित्रं घेऊन ‘सिस्ट नाहीत’ लिहिणं चूक आहे.

भूल, टोमोकॅप (यंत्राच्या टोकावरची टोपी) हिच्या आत आणि बाहेर कार्बोमर जेल. आतल्या जेलमध्ये बुडबुडा राहिला तर चित्रात कायमचा काळा किंवा चकाकता डाग येतो; टोपी काढून पुन्हा भरा, नंतर सुधारत नाही. व्रणाचा मध्य टाळा. तिथे मृत ऊती असल्यामुळे सगळं पांढरं फटक दिसतं. कडेवर, जिथे व्रण संपून स्वच्छ कॉर्निया सुरू होतो तिथे, चार दिशांना आणि पाचवं मध्याजवळ, अशा किमान पाच जागी पृष्ठभागापासून आत स्ट्रोमापर्यंत (कॉर्नियाचा मधला जाड थर) उतरत जा.

शोधायचं ते सिस्ट, म्हणजे अमीबाचं कवचातलं सुप्त रूप: १० ते २५ मायक्रॉनचं, गोल, दोन भिंतींचं, चमकदार. दोन भिंती महत्त्वाच्या. नुसते चमकदार गोल ठिपके पांढऱ्या पेशीही असतात, त्यांचा आकार या सिस्टच्या खालच्या टोकाला मिळतो. सिस्ट ओळीने किंवा पुंजक्याने असतील तर खात्री वाढते. सक्रिय अमीबा, म्हणजे ट्रोफोझॉइट, कॉन्फोकलवर ओळखल्याचा दावा मी तरी जपून वाचतो. त्याला ठरावीक आकार नसतो आणि सुजलेल्या ऊतीत तसल्या आकृत्या भरपूर. नसांभोवती चमकदार जाडी, म्हणजे रेडिअल केराटोन्यूरायटिस, दिसली तर संशय पक्का करा. पेशंटचं दुखणं व्रणाच्या मानाने फार जास्त असतं ते यामुळेच.

कॉन्टॅक्ट लेन्स नाही म्हणून अमीबा नाही, हे गणित युरोपातलं. आपल्याकडे डोळ्यात माती, शेतातलं पाणी, विहिरीतली आंघोळ पुरते. सुरुवातीला तो हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या संसर्गासारखा दिसतो आणि अँटिव्हायरल, मग स्टेरॉइड असा प्रवास होतो. तोवर अंगठीसारखा वलयाकार डाग पडतो.

सूक्ष्म

कॉन्फोकल हे स्क्रेपिंगला (व्रण खरवडून नमुना घेणं) पर्याय नाही, एवढं ठळक लिहा. क्रम: आधी कॉन्फोकल, मग डोळा सलाइनने भरपूर धुऊन जेल आणि भुलीचा थेंब घालवायचा, आणि मग खरवड. उलटं केलं तर खरवडलेल्या जागेचं चित्र मिळत नाही. एक काच १० टक्के पोटॅशिअम हायड्रॉक्साइड आणि कॅल्कोफ्लोर व्हाइटसाठी, फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली सिस्टच्या भिंती उजळतात. एक नमुना नॉन-न्यूट्रिअंट अगारवर, वर ई. कोलायचा थर. अमीबा जिवाणू खात सरकतो तेव्हा थरात वाटा उमटतात. प्लेट दोन दिवसांनी फेकू नका, आठवडा-दोन आठवडे बघायची असते.

पावसाळ्यात येणारे मायक्रोस्पोरिडिया (पेशीत वाढणारे सूक्ष्म जीव) हा वेगळा विषय. ते हल्ली बुरशीच्या कुळात मोजतात, तरी धाग्यात उल्लेख हवा. कॉर्नियाच्या पृष्ठभागावर जाडसर, वर चिकटवल्यासारखे ठिपके. बीजाणू २ ते ५ मायक्रॉनचे, म्हणजे कॉन्फोकलच्या कुवतीच्या अगदी काठावर. तिथे काचेवरची खरवड जास्त खरी बोलते.

रेसिडेंट_२

अमीबाच्या उपचाराचा पाठपुरावा कॉन्फोकलने करायचा का? सिस्ट दिसायचं थांबलं की औषध बंद?

कृष्णमंडल

तिथेच फसगत आहे. पीएचएमबी ०.०२ टक्के आणि क्लोरहेक्सिडिन ०.०२ टक्के ही जंतुनाशक औषधं थेंबांतून, पहिले दोन दिवस रात्रंदिवस तासातासाने, मग उतरवत कित्येक महिने, हा नेहमीचा मार्ग. या काळात मेलेल्या सिस्टच्या भिंती कॉर्नियात पडून राहतात. चित्रात जिवंत आणि मेलेली सिस्ट वेगळी सांगता येत नाही. पोकळ, आत काळी दिसणारी असेल तर मेलेली असावी, एवढंच. म्हणून सिस्ट दिसतात म्हणून औषध वाढवायचं नाही आणि दिसत नाहीत म्हणून बंदही करायचं नाही. संख्या, खोली, भोवतालच्या दाहक पेशी, नसांची जाडी यांची दिशा बघा. जोडीला पुढच्या भागाचा ओसीटी, म्हणजे उजेडाने घेतलेले छेद: डाग किती खोल आणि कॉर्निया किती जाड, ही दोन मापं मायक्रॉनमध्ये मिळतात आणि पेशंटला स्पर्श न करता. कॉर्निया पातळ होत चालला तर ते डोळ्याला दिसण्याआधी तिथे कळतं.

मागचा_पडदा

पडद्याचं थोडक्यात. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा ताजा डाग व्हिट्रिअसच्या धुरकटपणात धुक्यातल्या गाडीच्या दिव्यासारखा दिसतो आणि बऱ्याचदा जुन्या काळ्या व्रणाला लागूनच असतो. ओसीटीत त्या जागी पडद्याचे सगळे थर एकत्र होऊन पांढरे, खाली सावली, वर व्हिट्रिअसची मागची त्वचा जाड, तीवर चमकदार कण. बरा होताना पांढरेपणा उतरतो, पडदा पातळ होतो, खालचा थर झिजल्याने उजेड आरपार खोल जातो. रोगप्रतिकारशक्ती ठीक असेल तर सहा ते आठ आठवडे लागतात. पाठपुराव्यात मशिनचा फॉलो-अप मोड वापरा, तो रक्तवाहिन्यांवरून तीच जागा शोधतो. हाताने निवडलेला छेद अर्धा मिलिमीटर सरकला तरी ‘सुधारणा’ दिसते. धुरकटपणामुळे सिग्नल कमी असेल तर पहिल्या भेटीची जाडी मोजमाप म्हणून धरू नका.

मुलाच्या डोळ्यात पांढरी झाक, तर टॉक्सोकाराच्या (कुत्र्या-मांजरांतला गोलकृमी) आधी रेटिनोब्लास्टोमाचा (पडद्याचा कॅन्सर) विचार. बी-स्कॅनमध्ये टॉक्सोकारा: कडेला चमकदार गाठ, तिथून मागच्या ध्रुवाकडे ताणलेली व्हिट्रिअसची पट्टी, कधी तिने ओढून सुटलेला पडदा. रेटिनोब्लास्टोमात चुन्याचे कण, गेन उतरवूनही टिकणारे. शंका उरली तर एमआरआय. या मुलांना सीटीचं रेडिएशन टाळायचं, आणि सुई तर अजिबात नाही.

पडद्याखाली फिरणारी अळी म्हणजे डूसन (DUSN, एका डोळ्याच्या पडद्याचा पसरलेला दाह), गॅस या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात वर्णन केलेला आजार. अळी अर्धा ते दोन मिलिमीटर, पांढरी, वाकडी. शोधायची तर ताज्या करड्या ठिपक्यांच्या पुंजक्याजवळ, जुन्या व्रणांपाशी नाही. काही मिनिटांच्या अंतराने त्याच भागाचे फोटो काढून पडताळा. जागा बदललेली रेघ म्हणजे अळी. सापडली की त्याच बैठकीत लेझर, दुसऱ्या दिवशी ती तिथे नसते.

कोकणी_कुतूहल

मोबाइलने यातलं काही होतं का?

कृष्णमंडल

स्लिट लॅम्पच्या आयपीसला मोबाइल लावून कॉर्नियाचा पाठपुरावा चांगला होतो, पण तेच मॅग्निफिकेशन, तीच पट्टीची रुंदी, तोच कोन हवा आणि फोनचं ऑटो-एक्स्पोजर कुलूपबंद हवं. नाहीतर डाग फोनच्या मर्जीने उजळतो-काळवंडतो.

सूक्ष्म

मोबाइलचं सर्वांत सुंदर काम आफ्रिकेत झालं. लोआ लोआ ही मध्य आफ्रिकेतली ‘डोळ्यातली अळी’. तिच्या सूक्ष्म अळ्या रक्तात फार असताना नदीअंधत्व या दुसऱ्या कृमीच्या आजारासाठी आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. लोआस्कोप नावाच्या यंत्रात बोटाच्या रक्ताचा थेंब काचेच्या नळीत घालतात, फोन त्याचा छोटा व्हिडिओ काढतो आणि हलणाऱ्या अळ्यांमुळे रक्तपेशी कशा ढकलल्या जातात त्यावरून संख्या मोजतो. रंग लावणं नाही, तंत्रज्ञ नाही. कॅमेरूनच्या ओकोला भागात २०१५ मध्ये मिलिलिटरमागे २०,००० हून जास्त अळ्या असलेल्यांना वगळून १५ हजारांवर लोकांना औषध दिलं. नमुना दिवसाच घ्यावा लागतो, या अळ्या रात्री रक्तात फिरकत नाहीत.

प्रतिध्वनी

भारतात डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली वळवळताना दिसते ती बहुधा डायरोफायलेरिया, कुत्र्याकडून डासामार्फत आलेली. केरळ आणि किनारी कर्नाटकात जास्त. ती पापणीत किंवा खोबणीत शिरली तर उच्च वारंवारतेच्या प्रोबने दोन समांतर चमकदार रेघा आणि सतत हालचाल दिसते. थांबलेल्या चित्रात ती ओळखूच येत नाही, व्हिडिओ जतन करा. आणि बाहेर दिसत असेल तर स्लिट लॅम्पचा उजेड मंद ठेवा. प्रखर उजेडात ती खोल पळते आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर शोधाशोध करावी लागते.

सूक्ष्म

काढल्यावर फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नका, डीएनए खराब होतो. आधी सलाइनमध्ये ठेवून लांबी मोजा, फोटो काढा. एक तुकडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये पीसीआरसाठी, उरलेला पॅथॉलॉजीला. आणि अळी तुटली असेल तर चिठ्ठीत तसं लिहा, दोन्ही टोकं आली की नाही ते आम्ही मायक्रोस्कोपखाली बघून सांगतो.